शेवंताच्या काळ्या हातांचा दाखला

गेल्या वर्षी तालुक्यातल्या काही हौशी मंडळींनी माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि एक पितळेची गाय मिळाली. तिची शिंगे बैलाची आहेत, पण ते बनवणाऱ्याच्या लक्षात आलेले नाही आणि देणाऱ्यांच्याही नाही. कुत्री-मांजरे घरात, गादीवर वगैरे पाळणारी ही नवी पिढी. एक वक्ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरांचे निदान आयुष्यात एकदाही चुकले नाही." पुरावा म्हणून त्यांनी पांढऱ्या मांजरीची गोष्ट सांगितली. कोणा एका मासे विकणाऱ्या बाईने काजूचे तेल लावून त्या मांजरीचा कान जाळला, आमच्या डॉक्टरांनी एका नजरेत ते ओळखले, आणि कान कापून मांजर वाचवली. लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. मी शाल सावरली आणि हात जोडले.

कार्यक्रम संपल्यावर साठीच्या घरातली एक बाई जवळ आली. नमस्कार वगैरे काही केला नाही.

"डॉक्टरानू, ती मासे इकणारी माजी आवस. शेवंता. तिका जावन पुढल्या म्हयन्यात वरीस होतला."

एवढे बोलून ती निघून गेली. चहासाठीसुद्धा थांबली नाही. शेवंताच्या या मुलीचे नाव मंगल आणि ती कट्ट्याला राहते, हे मी नंतर दुसऱ्याला विचारून घेतले.

वक्त्यांनी सांगितलेली गोष्ट खोटी आहे. ती त्यांनी रचलेली नाही, मी रचलेली आहे. म्हणून हे लिहितो आहे. ज्यांना पितळेची गाय परत हवी असेल त्यांनी येऊन घेऊन जावी.

मी घाटावरचा. पन्नासच्या दशकात नोकरीला लागलो आणि या किनाऱ्यावर येऊन पडलो. तेव्हा हा सगळा रत्नागिरी जिल्हाच होता. मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजाराजवळ दोन खोल्यांचा दवाखाना, पुढे बैल अडकवायचा लाकडी खोडा, आत एक टेबल, एक कपाट आणि एक गोल रबरी शिक्का. हाताखाली मलमपट्टी करणारा दाजी नावाचा ड्रेसर. तो इथलाच, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. लोक मला 'ढोरांचो डॉक्टर' म्हणत. मला ते आवडत नसे. मी परीक्षा पास झालेला माणूस होतो आणि ते सगळ्यांना दिसावे असे मला वाटे.

काम बैलांचे आणि म्हशींचे. कुत्रे-मांजर हा रोगी असतो, हेच कुणाला मान्य नव्हते. वरिष्ठ तपासणीला आले की नोंदवहीतल्या कुत्र्याच्या ओळीवर बोट ठेवून विचारत, "हे दूध किती देते?" हा विनोद ते दर खेपेला करत आणि दर खेपेला मी हसत असे.

त्यामुळे कुत्र्या-मांजरांच्या कातडीच्या रोगांबद्दल मला जे येत होते ते कॉलेजच्या वहीतल्या चार पानांपुरते. बाहेरच्या वाचकांसाठी साधे सांगतो. कातडीवर गाठ आली की ती बोटांत धरून हलवून पाहायची. सुटी, मऊ, कातडीखाली इकडून तिकडे सरकणारी असेल तर ती बहुधा चरबीची असते. कडक, तळाला चिकटलेली, भराभर वाढणारी असेल, किंवा फुटून भरून येत नसेल, तर सावध व्हायचे. आणि तीन आठवड्यांत भरून न आलेल्या जखमेला जखम म्हणणे बंद करायचे. मात्र बोटांना सगळे कळते असे सांगणाऱ्या डॉक्टरपासून लांब राहावे. गाठीचा तुकडा कापून तपासायला पाठवल्याशिवाय खरे काय ते कळत नाही. मी बोटांना कळते असे सांगणाऱ्यांतला होतो.

तेव्हा दोन गिऱ्हाइके आली, त्यांच्याविषयी आधी सांगायला हवे. पहिले मुंबईच्या गिरणीच्या कचेरीतून निवृत्त होऊन आलेले भाऊसाहेब. त्यांच्या लांब केसांच्या कुत्र्याच्या बरगडीवर लिंबाएवढी गाठ होती. "कॅन्सर आहे," ते मला म्हणाले. मी तपासले आणि चरबी आहे असे सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. गावात आणखी कुणाच्या कुत्र्याला कॅन्सर झालेला नव्हता, तो मान हातचा गेला. मग त्यांनी कुत्रा मुंबईला नेला, गाठीसकट परत आणला, आणि कॅन्सर आहे पण चांगल्या जातीचा आहे असे सगळ्यांना सांगत राहिले. कुत्रा पुढे आठ वर्षे जगला आणि म्हातारपणाने मेला. ते त्यांना फारसे रुचले नाही.

दुसरा एसटीच्या थांब्याजवळचा हॉटेलवाला. त्याच्या कुत्र्याच्या मागच्या पायावर लाल गाठ होती, ती आठवड्यागणिक कमी-जास्त व्हायची. त्याने तिच्यावर काजूच्या टरफलाचे तेल लावले. हे तेल काळे, दाट असते. इथे होडीच्या लाकडाला लावतात, म्हणजे कीड लागत नाही. कातडीला लागले तर फोड येतात आणि मांस उघडे पडेपर्यंत भाजते. कुत्र्याची अर्धी मांडी सोलवटून निघाली होती. मी हॉटेलवाल्याला चार लोकांदेखत धारेवर धरले, भाजल्यावरचा उपचार केला आणि वहीत 'तेलाने भाजणे' असे लिहिले. मांडी बरी झाली. पाच महिन्यांत कुत्रा मेला, तेव्हा जांघेत गाठींचा घोस होता. ती गाठ मुळात त्याला जाळावीशी का वाटली, हा प्रश्न मला पडला नाही. मला फक्त तेल दिसले, आणि तेव्हापासून मला सगळीकडे तेलच दिसू लागले.

त्याच उन्हाळ्यात रोझलिन टीचर मांजर घेऊन आल्या.

टीचर मालवणच्या किनाऱ्याला, वाळूला लागून असलेल्या घरात एकट्या राहत. शाळेत शिकवत. त्यांचा शब्द त्या बाजूला कोणी खाली पडू देत नसे. मांजरीचे नाव ब्रांका. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ पांढरी, आणि मांजर शेपटीच्या टोकापर्यंत पांढरीच होती. दोन्ही कानांची टोके लाल, केस विरळ, एका कानाला बारीक खपली.

"डॉक्टर, ही सारखी कान खाजवते," टीचर म्हणाल्या.

"उन्हाने होतं," मी म्हणालो आणि मलम दिले.

म्हणजे उत्तर माझ्या तोंडून निघून गेले होते. फक्त ते मलाच ऐकू आले नाही.

पुढच्या खेपेला टीचरनी मला घरी बोलावले. मे महिना सरत आला होता. किनाऱ्यावर होड्या ओढून वर घेतल्या होत्या आणि सगळीकडे लाकडाला तेल लावणे चालले होते. ब्रांकाच्या डाव्या कानाचे टोक नाहीसे झाले होते. कड कुरतडल्यासारखी, वर काळी जाड खपली, खाली ओले. मी खपलीला हात लावला आणि मला हॉटेलवाल्याचा कुत्रा आठवला.

"हिला काजूचं तेल कुणी लावलं?"

टीचर दचकल्या. "तेल आमच्या घरात नाहीच. मांजर कुणाकडे जात नाही. एक शेवंताकडे जाते, मासे देणारी. ती सुकत घालते तिथे ही दिवसभर वाळूत पडलेली असते."

शेवंताला बोलावणे गेले. ती टोपली घेऊन पायरीशी उभी राहिली. तिशीची असेल, नवरा होडीवाला, कडेवर लहान मुलगी. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते. आजूबाजूच्या घरांतल्या बायका कुंपणाशी जमल्या. माझ्यापाशी दाजी होता.

"हात दाखव," मी म्हणालो.

तिने दाखवले.

"हे काय आहे?"

"होडयेचा त्याल. घोव होडी वर काढता, मी त्याल लावतंय. मांजराक मी बोट लावूक नाय."

"मग कान कसा जळला?"

"जळूक नाय तो. उन्हान खाल्लो." ती अगदी शांतपणे सांगत होती, जणू मला मदत करत होती. "पांढऱ्या मांजरांका होता असा. माज्या म्हायेराक, आचऱ्याक, आवशीची मांजर अशीच पांढरी होती. तिचो कान असोच खावक लागलो. आवशीन कोयत्यान कान कापून टाकलो. मगे धा वर्सां जगली ती. तुमी पण कापा."

मी टीचरकडे वळून हसलो. ते हसू मला अजून आठवते, आणि आठवले की तोंड धुवावेसे वाटते.

"ऐकलंत? यांच्याकडे कोयत्याने मांजराचे कान कापतात. तेल लावणं त्या मानाने दयेचंच."

कुंपणाशी कुणीतरी हसले. शेवंता हसणाऱ्या बाईकडे बघून म्हणाली, "गो, तूय हसतंस? तुज्या घोवाचे हात बघ जा कसे आसत ते."

परत येताना दाजी एसटीत माझ्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "सायब, हात काळे म्हणान चोर धरूचे झाले, तर अर्धा बंदर बांधून घालूचा लागात."

"तुला डॉक्टरकी कळते का?" मी म्हणालो.

"नाय. माका बंदर कळता."

टीचरना लेखी हवे होते. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याच्या कागदावर लिहिले: मांजरीचा कान काजूच्या तेलाने भाजला आहे, मांजर शेवंता नावाच्या मासे विकणाऱ्या बाईच्या संगतीत असते. खाली सही केली आणि शिक्का मारला. नाव लिहायची काही गरज नव्हती. पण मी व्यवस्थित माणूस होतो. टीचरनी तो कागद जपून ठेवला आणि विचारणाऱ्याला दाखवला. आळीतल्या अकरा घरांनी शेवंताकडून मासे घेणे बंद केले. मुक्या जनावराला जाळणारी बाई दारात नको, असे त्यांचे म्हणणे होते. ती मग टोपली डोक्यावर घेऊन कट्ट्याच्या बाजाराला येऊ लागली. तिला कोणी ओळखत नव्हते अशी जवळची बाजारपेठ तेवढी एकच होती. म्हणजे ती माझ्या दवाखान्यासमोर येऊन बसली.

कानाचा एक तुकडा मी मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवला होता. शंका होती म्हणून नव्हे. भाजल्याचा शिक्कामोर्तब झालेला पुरावा मला हवा होता. पत्र यायला महिना गेला. त्यात लिहिले होते की भाजल्याची काही खूण नाही, हा कातडीचा कर्करोग आहे. पांढऱ्या मांजरांना कडक उन्हाच्या मुलखात कानाच्या टोकाला होतो, कारण तिथे रंग नाही आणि केसही नाहीत. निरोगी भागातून कान कापून टाकावा, मांजर उन्हापासून दूर ठेवावी, दुसऱ्या कानावर लक्ष ठेवावे.

शेवंताने पायरीशी उभे राहून जे सांगितले होते तेच टाइप होऊन आले होते. कोयता तेवढा गाळला होता.

मी ते पत्र टेबलाच्या खणात ठेवले. टीचरना सांगितले की भाजलेला भाग सडतो आहे, कान काढावा लागेल. ईथरची भूल देऊन डावा कान मुळाजवळून कापला. नाजूक काम होते आणि मी ते चांगले केले, हे खोटे सांगणार नाही. दहा दिवसांत टाके निघाले. मांजर वाचली आणि माझे नाव झाले. आचऱ्यापासून लोक कुत्री घेऊन येऊ लागले. वरिष्ठांनी दुधाचा विनोद बंद केला.

उजव्या कानाचे टोकही लाल होते. तेव्हाच तेवढी एक बोटभर कड काढून टाकली असती तर काम संपले असते. पण त्यासाठी हा रोग तेलाचा नाही, उन्हाचा आहे, हे टीचरना सांगावे लागले असते. मांजर उन्हात सोडू नका, हेही मी सांगू शकलो नाही. भाजलेल्या मांजरीला ऊन वर्ज्य कशासाठी, असे टीचरनी विचारले असते. त्या शिक्षिका होत्या, प्रश्न विचारायची त्यांना सवय होती. या रोगावर माझ्याकडे औषध नव्हते. चाकू होता आणि वेळ होता. चाकू मी खणात ठेवला आणि वेळ उन्हात वाळत घातला.

दोन वर्षांनी टीचर पुन्हा आल्या. मांजर टॉवेलात गुंडाळलेली. उजवा कान अर्धा खाल्लेला, नाकाच्या शेंड्यावर नवी खपली, आणि जबड्याखाली सुपारीएवढी कडक गाठ. रोग कानातून निघून पुढे गेला होता. गाठ बोटांना लागली तेव्हाच मला समजले की आता कापून उपयोग नाही.

टीचर माझ्याकडे बघत होत्या. "डॉक्टर, शेवंता दोन वर्षं माझ्या दारात आलेली नाही."

मी पुन्हा गाठ चाचपली.

"मग हा कान कुणी जाळला?"

दाजी ट्रे धरून उभा होता. मुंबईचे ते पत्र त्याच टेबलाच्या खणात, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होते. मी म्हणालो, "तेलाचा अंश रक्तात राहतो कधी कधी. पुन्हा वर येतो."

असे काही नसते. कुठल्याच पुस्तकात नाही. मी ते तिथल्या तिथे बनवले. टीचरना पटले की नाही, मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली, एवढेच. मी उजवा कानही कापला, कारण काहीतरी केल्यासारखे दिसायला हवे होते. सहाव्या आठवड्यात मांजर मेली. शेवटी तिला खाता येत नव्हते. टीचरनी तिला माडाच्या आळ्याजवळ पुरले.

त्या दिवशी टीचर गेल्यावर दाजी ट्रे धुता धुता म्हणाला, "सायब, तेलाक आठवण बरी आसा."

तो एवढेच बोलला. पुढे आम्ही चार वर्षे एकत्र काम केले, पण त्याने माझ्याशी कामाव्यतिरिक्त एक शब्द काढला नाही.

गोवा मोकळा झाल्यावर टीचर बहिणीकडे निघून गेल्या. त्यानंतर माझी बांद्याला बदली झाली. तोपर्यंत दर आठवडी बाजाराला मी शेवंताकडून बांगडे घेत होतो. मुद्दाम तिच्याकडूनच. हे प्रायश्चित्त आहे असे मी स्वतःला समजावत असे. ती नेहमी चांगले बांगडे द्यायची. शिळा मासा तिने एकदाही माझ्या पिशवीत घातला नाही. म्हणजे त्यातूनही माझाच फायदा झाला.

जायच्या आधीच्या बाजाराला मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"शेवंताबाई, मला एक सांगायचं आहे."

"सांगा. गिऱ्हाईक येयपर्यंत सांगा."

मी पत्राविषयी सगळे सांगितले. ती माशांवरच्या माशा वारत ऐकत होती. हात तेव्हाही काळे होते. होडी अजून होती.

"ता माका ठावक आसा," ती म्हणाली. "दुसरो कान गेलो तेवाच कळला. पाण्यार बायकाच बोलत होत्यो. शेवंता नाय आणि कान गेलो, म्हणजे तो आपणच जाता."

"मग तू त्या घरांत परत का गेली नाहीस?"

"थंय तुमचो कागद होतो मां. शिक्क्याचो. बायकांच्या बोलण्याक शिक्को खंय आसता?"

ती म्हणाली, "तसोच एक कागद माका द्या. मी काय बोलूचंय नाय. नुसतो दाखयतलंय."

आणि मी, ज्याने मालकिणीच्या तोंडच्या एका शब्दावर तो पहिला कागद लिहिला होता, तिला सांगितले की सरकारी शिक्का असा मारता येत नाही. मालकाचा अर्ज लागतो, आणि मालकीण तर गोव्यात.

शेवंताने माझ्याकडे पाहिले. "त्या दिवशी माजो अर्ज लागलो नाय तो," ती म्हणाली. मग टोपलीवरचे फडके सारले. "बांगडे होये?"

मी बांगडे घेतले आणि बांद्याला गेलो.

त्यानंतर मी पांढरी मांजरे बरीच पाहिली. प्रत्येकीचे कान आधी पाहिले, लाली दिसली की लवकर कड काढली, घरवाल्यांना सांगितले की दुपारी घरात ठेवा. बऱ्याच जगल्या. पांढऱ्या पोटाची कुत्री उताणी झोपतात, त्यांच्या पोटावरही हा रोग पाहिला आणि वेळेत कापला. लोक विचारत, हे तुम्ही कुठे शिकलात. मी कॉलेजचे नाव सांगत असे.

मुंबईचे ते पत्र माझ्यापाशी आहे. घड्यांवर फाटले आहे, पण वाचता येते. त्याची प्रत आणि खालचा कागद मी या आठवड्यात कट्ट्याला जाऊन मंगलच्या हातात देणार आहे. ती घेईल की नाही, ते तिने ठरवायचे. न घेतला तर निदान इथे छापलेला राहील.

दाखला देतो की, रोझलिन टीचर यांची ब्रांका नावाची पांढरी मांजर मी तपासली होती. तिच्या दोन्ही कानांना उन्हाने होणारा कातडीचा कर्करोग झाला होता. तिला कोणीही तेल लावलेले नव्हते. रोगाचे खरे कारण आणि खरा उपाय मासे विकणाऱ्या शेवंता यांनी माझ्याआधी, चार लोकांसमोर सांगितला होता. मी तो ऐकला नाही, आणि समजल्यावर लपवला. उजवा कान आणि मांजर त्यामुळे गेली. शेवंता यांचे हात होडीच्या तेलाने काळे होते.

खाली सही केली आहे. शिक्का नाही, तो मी निवृत्त होताना जमा केला. शेवंताने बाजारात कागद मागितला त्या दिवसानंतरही वीस वर्षे सरकारी शिक्का माझ्या टेबलावर होता.